गुण दाखवावेत की झाकावेत?

दरवर्षी ऑगस्ट ते जानेवारी या काळात चेन्नईतील बऱ्याच मध्यमवर्गीय घरांत एका प्रश्नाचा खल होत असतो. मुलाने किंवा मुलीने ‘सॅट’ ही अमेरिकी प्रवेश परीक्षा दिलेली असते. १६०० पैकी काही गुण हाती असतात. ज्या महाविद्यालयांकडे अर्ज करायचा आहे, त्यांपैकी काहींनी गुण कळवणे बंधनकारक केलेले असते, तर काहींनी ते अर्जदाराच्या मर्जीवर सोडलेले असते. मग कळवावेत की कळवू नयेत? थोडे कमी पडलेले गुण कळवले तर नुकसान होईल का? न कळवले तर ‘काहीतरी लपवले आहे’ असा संशय येईल का?

त्याच शहरात, त्याच वयाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याला तो पडण्याची मुभाच नाही. त्याला डॉक्टर व्हायचे असेल तर राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षा, म्हणजे ‘नीट’, द्यावीच लागते आणि तिचे गुण हाच प्रवेशाचा एकमेव आधार असतो. बारावीला त्याने काय मिळवले, तो कोणत्या शाळेत शिकला, कोणत्या भाषेत शिकला, यांचा गुणवत्ता यादीवर काहीही परिणाम होत नाही. तिसऱ्या विद्यार्थ्याला अभियंता व्हायचे असेल आणि तो अण्णा विद्यापीठाच्या समुपदेशन फेरीतून प्रवेश घेणार असेल, तर त्याच्याकडे कोणी प्रवेश परीक्षेचे गुण मागतच नाही. बारावीचे गुण पुरतात.

एकच शहर, तीन विद्यार्थी, तीन नियम. गुण कळवावेत की नाहीत हा प्रश्न वरवर पाहता विद्यार्थ्यापुरता दिसतो. त्याच्या मुळाशी सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे: परीक्षेच्या गुणांना किती वजन द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? विद्यार्थ्याचा, महाविद्यालयाचा, राज्याचा की केंद्राचा? या चारही उत्तरांचे प्रयोग होऊन गेले आहेत. त्यांतून काय निष्पन्न झाले, हे तपासून पाहण्याइतका पुरावा आता उपलब्ध आहे.

विद्यार्थ्याने ठरवावे

पहिले उत्तर अमेरिकेचे. मेन राज्यातील बोडन या महाविद्यालयाने १९६९ मध्येच प्रवेश परीक्षेचे गुण ऐच्छिक केले. दीर्घकाळ तो अपवाद मानला गेला. २०२० मध्ये करोनाच्या साथीने परीक्षा केंद्रे बंद पडली आणि अपवादाचा नियम झाला. हार्वर्डपासून लहानमोठ्या राज्य विद्यापीठांपर्यंत जवळजवळ सर्वांनी गुणांची अट उठवली. कॅलिफोर्निया विद्यापीठ आणखी एक पाऊल पुढे गेले. अर्जदाराने गुण कळवले तरी ते प्रवेशासाठी पाहायचेच नाहीत, असे त्याने ठरवले. आजही अमेरिकेतील चार वर्षांचा अभ्यासक्रम असलेल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक महाविद्यालयांत गुणांची सक्ती नाही.

मात्र ज्या मोजक्या संस्थांवर साऱ्या जगाचे डोळे असतात, त्या माघारी फिरल्या आहेत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने मार्च २०२२ मध्ये सक्ती पुन्हा लागू केली. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड आणि कॅलटेक त्याच मार्गाने गेले. येलने सॅटऐवजी अन्य काही प्रमाणित परीक्षांचे गुण देण्याची सोय ठेवली, पण कोणत्या ना कोणत्या परीक्षेचे गुण द्यावेच लागतील असे बजावले. प्रिन्स्टनने ऑक्टोबर २०२५ मध्ये तसाच निर्णय जाहीर केला. कोलंबिया मात्र ऐच्छिकतेवर ठाम राहिले.

परीक्षा श्रीमंतांना धार्जिणी असते, म्हणून ती ऐच्छिक करावी, हा मूळ युक्तिवाद होता. तो चुकीचा नव्हता. शिकवणीचा खर्च, पुन्हा पुन्हा परीक्षा देण्याची ऐपत आणि घरातील शिक्षण यांचे प्रतिबिंब गुणांत पडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग या संस्थांनी पाऊल मागे का घेतले?

मौनाचा अर्थ

उत्तर ऐच्छिकतेच्या गणितात आहे. समजा, एखादे महाविद्यालय जाहीर करते की, ज्या प्रवेशितांनी गुण कळवले त्यांच्यातील मधले निम्मे विद्यार्थी १४८० ते १५६० या पट्ट्यात होते. पुढच्या वर्षी १४५० गुणांचा अर्जदार तो पट्टा पाहतो आणि आपले गुण झाकतो. परिणामी कळवलेल्या गुणांची सरासरी आणखी वर सरकते. त्याच्या पुढच्या वर्षी १४९० वाल्याला भीती वाटू लागते. अशा रीतीने प्रत्येक वर्षी झाकणाऱ्यांची रेषा वर चढते आणि जाहीर होणारा पट्टा वस्तुस्थितीपासून दूर जातो. दुसरीकडे, अर्ज वाचणाऱ्याच्या मनात ‘गुण नाहीत’ याचा अर्थ ‘गुण कमी आहेत’ असाच हळूहळू रुजतो, मग संस्थेची जाहीर भूमिका काहीही असो. जिथे बोलण्याची मुभा असते, तिथे मौनही बोलू लागते.

या खेळात हरते कोण? डार्टमथच्या चार प्राध्यापकांनी आपल्याच संस्थेच्या अर्जांचा अभ्यास केला. त्यांना आढळले की, साधनांची वानवा असलेल्या शाळांतील अनेक अर्जदारांनी असे गुण झाकले होते, जे कळवले असते तर त्यांची प्रवेशाची शक्यता वाढली असती. शाळेतील बहुतेक मुले जिथे १००० च्या आसपास थांबतात, तिथे एखाद्याचे १४०० गुण हे मोठे कर्तृत्व असते आणि संस्था ते त्याच संदर्भात वाचते. पण हे त्या मुलाला सांगणार कोण? खासगी सल्लागार असलेल्या मुलाला ते माहीत असते. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्याला नसते. ज्याच्या हितासाठी पर्याय दिला, त्यालाच तो पर्याय कसा वापरावा हे कळले नाही.

याहून महत्त्वाचा पुरावा राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये मांडला. सारखेच सॅट गुण असलेल्या दोन मुलांपैकी सर्वांत धनाढ्य एक टक्का घरांतील मूल या अतिनामांकित विद्यापीठांत पोहोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक असते. कारणे कोणती? माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, महागड्या खेळांतील प्रावीण्य आणि खासगी शाळांनी सजवून पाठवलेली अभ्यासेतर कामगिरी. म्हणजे पैशाला आत शिरण्यासाठी परीक्षा हे एकच दार नाही. ते बंद केले तर तो खिडकीतून येतो. अनेकदा ही खिडकी दारापेक्षा रुंद असते.

चेन्नईतून अर्ज करणाऱ्यासाठी यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष सरळ आहे. गुण त्या महाविद्यालयाच्या जाहीर पट्ट्यात किंवा त्याच्या वर असतील तर ते कळवावेत. थोडे खाली असले, पण आपल्या शाळेच्या आणि परिस्थितीच्या मानाने लक्षणीय असले, तरीही बहुधा कळवावेत. तमिळनाडूच्या किंवा महाराष्ट्राच्या राज्य मंडळातील ९२ टक्क्यांचा अर्थ बोस्टनमधील प्रवेश अधिकाऱ्याला लगेच उमगेलच असे नाही. त्याला परिचित असलेला एक आकडा समोर असणे परदेशी अर्जदाराच्या हिताचे असते. दोन्ही निकषांवर गुण दुबळे असतील, तरच मौन शहाणपणाचे.

राज्याने ठरवावे

दुसरे उत्तर तमिळनाडूचे. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्याने १९८४ मध्ये सामायिक प्रवेश परीक्षा सुरू केली. दोन दशकांनंतर मत असे झाले की, ही परीक्षा शहरी, इंग्रजी माध्यमातील आणि शिकवणी परवडणाऱ्या मुलांना अनुकूल ठरते. जयललिता यांच्या सरकारने ती रद्द करण्याचा प्रयत्न केला. तो न्यायालयात टिकला नाही. २००६ मध्ये आलेल्या करुणानिधी सरकारने शिक्षणतज्ज्ञ एम. आनंदकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिच्या शिफारशींवरून कायदा केला. निरनिराळ्या मंडळांचे गुण समान पातळीवर आणण्याची तरतूद त्यात होती. २००७ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. जे विधेयक द्रमुकने आणले त्याचीच दिशा आधी अण्णा द्रमुकने धरली होती, ही बाब उर्वरित देशाने नीट लक्षात घेतलेली नाही. तमिळनाडूत हा पक्षीय मुद्दा नाही.

त्यानंतर दहा वर्षे वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर झाले. अभियांत्रिकीचे आजही तसेच होतात: गणिताचे १००, भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० असे २०० गुण. चेन्नईच्या सरदार पटेल मार्गावर अण्णा विद्यापीठ आणि आयआयटी मद्रास यांची आवारे जवळजवळ आहेत. एकात प्रवेश परीक्षेला शून्य वजन, दुसऱ्यात जवळजवळ शंभर टक्के. १७९४ पासूनचा वारसा सांगणाऱ्या गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची प्रतिष्ठा बारावीच्या गुणांवरील प्रवेशांनी ढासळली, असे तेथील पदवीधरांना नोकरी देणारे म्हणताना दिसत नाहीत.

२०१७ मध्ये नीट तमिळनाडूला लागू झाली. त्या वर्षी अरियलूर जिल्ह्यातील एका हमालाच्या मुलीला बारावीत १२०० पैकी ११७६ गुण होते आणि नीटमध्ये ७२० पैकी ८६. ती आपली बाजू मांडण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी तिने जीवन संपवले. तमिळनाडूत त्यानंतर नीट हा केवळ शैक्षणिक विषय राहिला नाही.

भावना बाजूला ठेवून आकडे पाहू. न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, नीटपूर्वी २०१६-१७ मध्ये राज्यातील वैद्यकीय प्रवेशांत तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण १४ टक्क्यांहून अधिक होते. २०२०-२१ मध्ये ते २ टक्क्यांवर आले. ग्रामीण विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे ६१ वरून सुमारे ५० टक्क्यांवर घसरले. सर्वांत बोलका आकडा तिसरा आहे. नीटपूर्वी ८७ टक्क्यांहून अधिक प्रवेशित त्याच वर्षी बारावी उत्तीर्ण झालेले होते. २०२०-२१ मध्ये ७१ टक्क्यांहून अधिक प्रवेशित हे दुसऱ्या वा त्यापुढच्या प्रयत्नात आलेले होते. एक किंवा दोन वर्षे घरी बसून, शिकवणीचे शुल्क भरून पुन्हा परीक्षा देणे कोणत्या घराला परवडते, हे सांगण्यासाठी समिती नेमण्याची गरज नाही.

या आकड्यांच्या आधारे विधानसभेने सप्टेंबर २०२१ मध्ये नीटमधून सूट मागणारे विधेयक संमत केले. राज्यपालांनी ते फेब्रुवारी २०२२ मध्ये परत पाठवले. विधानसभेने त्याच महिन्यात ते पुन्हा संमत केले. मग ते राष्ट्रपतींकडे गेले आणि तेथे संमती नाकारली गेल्याचे एप्रिल २०२५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी सभागृहाला सांगितले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले, त्याचा अर्थ शेवटी हा निघाला की, लोकनियुक्त विधानसभेने दोनदा व्यक्त केलेली इच्छा एका नकाराने संपते.

मंडळाचे गुणही निष्पाप नाहीत

येथवर वाचून कोणाचा समज होईल की, बारावीचे गुण न्याय्य आणि प्रवेश परीक्षा अन्याय्य. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही. बारावीच्या गुणांवर प्रवेश होत असताना नामक्कल आणि परिसरातील निवासी शाळांचा मोठा धंदा उभा राहिला होता. तेथे अकरावीचा अभ्यासक्रम गुंडाळून दोन्ही वर्षे बारावीचीच पाठ्यपुस्तके घोटून घेतली जात. पालक कर्ज काढून मुलांना तेथे ठेवत. पाठांतराने २०० पैकी २०० मिळवणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की, अर्ध्या गुणाने वैद्यकीय महाविद्यालयाची जागा जात असे. या प्रकाराला आळा घालण्यासाठीच २०१७-१८ पासून अकरावीचीही सार्वजनिक परीक्षा घेणे राज्याला भाग पडले. २०२५ च्या राज्य शिक्षण धोरणाने ती पुन्हा काढून टाकली आहे.

आणि सरकारी शाळांतील मुले? त्यांची संख्या नीटपूर्वीही नगण्य होती आणि नीटनंतर ती बोटांवर मोजण्याइतकी उरली. चित्र बदलले ते २०२० मध्ये, एका वेगळ्याच उपायाने. न्यायमूर्ती पी. कलैयारसन आयोगाच्या शिफारशीवरून राज्याने सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीय जागांत ७.५ टक्के अंतर्गत आरक्षण ठेवले. पहिल्याच वर्षी अशी सुमारे ४०० मुले डॉक्टर होण्याच्या वाटेवर आली. मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा कायदा वैध ठरवला.

या उपायाचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यात नीटचे गुण फेकून दिलेले नाहीत. त्या ७.५ टक्क्यांतही क्रम नीटच्या गुणांनीच लागतो. फरक एवढाच की, सरकारी शाळेतील मुलीची तुलना सरकारी शाळेतील मुलाशी होते. कोटा येथे दोन वर्षे घालवलेल्या मुलाशी नव्हे. डार्टमथच्या प्राध्यापकांनी जे सुचवले आणि तमिळनाडूने जे अमलात आणले, त्यांचे तत्त्व एकच आहे: गुण बघा, पण ते कोणत्या मातीत उगवले तेही बघा.

महाविद्यालयाने ठरवावे

तिसरे उत्तर वेल्लोरचे. चेन्नईपासून तीनेक तासांच्या अंतरावरील ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही देशातील सर्वोत्तम वैद्यकीय संस्थांपैकी एक आहे. आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयातून ती वाढली. लेखी परीक्षेनंतर प्रत्यक्ष पारख करून, दुर्गम भागातील मिशन रुग्णालयांत सेवा देण्याची तयारी पाहून विद्यार्थी निवडण्याची तिची परंपरा होती. केवळ गुणवंत नव्हे, तर राहणारे डॉक्टर हवेत, ही त्यामागची दृष्टी.

२०१७ मध्ये या संस्थेने निषेध म्हणून एमबीबीएसच्या १०० जागांपैकी केवळ एक जागा भरली. देशात डॉक्टरांचा तुटवडा असताना उत्तम महाविद्यालयातील ९९ जागा एक वर्ष रिकाम्या राहिल्या. अखेर २९ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, नीटमुळे अल्पसंख्याक संस्थांच्या हक्कांचा भंग होत नाही.

न्यायालयाच्या भूमिकेमागे ठोस कारण होते आणि नीटविरोधकांनी ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. वेल्लोर हा अपवाद होता. बहुसंख्य खासगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या ‘स्वतंत्र निवड पद्धती’चा अर्थ देणगीच्या रकमेवर ठरणारा प्रवेश, असाच होता. एकेका विद्यार्थ्याला निरनिराळ्या शहरांत डझनभर परीक्षा द्याव्या लागत. नीटने हा जाच संपवला आणि किमान गुणवत्ता यादी सर्वांसमोर आणली. तक्रार ही आहे की, चोरांना आवरण्यासाठी केलेला नियम संन्याशालाही तितक्याच कठोरपणे लागू झाला.

केंद्राने ठरवावे

चौथे उत्तर आज देशभर लागू आहे. एक देश, एक परीक्षा, एक आकडा. त्याच्या मर्यादा २०२४ मध्ये उघड झाल्या. २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिलेल्या परीक्षेत सुरुवातीला ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण पडले. १,५६३ जणांना दिलेले वाढीव गुण मागे घ्यावे लागले. प्रश्नपत्रिका फुटल्याचे पाटणा आणि हजारीबाग येथे निष्पन्न झाले; तपासाचे धागे लातूरपर्यंत आले. सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास नकार दिला आणि सुधारित निकालात पूर्ण गुण मिळवणारे १७ उरले. एकाच आकड्यावर सारे आयुष्य तोललेले असेल, तर तो आकडा विकत घेण्याची किंमतही तेवढीच वाढते. प्रश्नपत्रिका फुटणे हा केवळ पोलिसी प्रश्न नाही. तो एका गुणावर लादलेल्या अवाजवी वजनाचाही परिणाम आहे.

दुसरी विसंगती अधिक बोचरी आहे. गुणवत्तेच्या रक्षणासाठी परीक्षा हवी, असे सांगितले जाते. पण पदव्युत्तर वैद्यकीय जागा रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने नीट-पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणली. म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र. मग पैसे मोजू शकणारा, पण यादीत तळाशी असलेला उमेदवार खासगी महाविद्यालयातील महागडी जागा घेतो आणि त्याच्याहून वर असलेला गरीब उमेदवार शुल्क ऐकून मागे फिरतो. येथे गुणवत्तेचे रक्षण नेमके कोणी केले?

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्राने या चारही उत्तरांच्या मध्ये बराच प्रवास केला आहे. अभियांत्रिकीसाठी राज्याने काही काळ बारावीचे आणि जेईई मेनचे गुण निम्मे निम्मे धरले आणि २०१६ मध्ये पुन्हा स्वतःच्या सीईटीकडे परतले. त्याच वर्षी नीटमधून राज्याच्या जागांना मिळालेली सवलत एका वर्षापुरतीच ठरली. अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळाच्या मुलांना ९० टक्के जागा राखून ठेवण्याचे २००९ मधील सूत्र मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले.

पण आपल्या विषयासाठी सर्वांत उद्बोधक प्रसंग २०२१ चा आहे. करोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली होती आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागले होते. अकरावीसाठी राज्याने एक ‘ऐच्छिक’ सीईटी जाहीर केली. ज्याला द्यायची त्याने द्यावी. मात्र परीक्षा देणाऱ्यांना प्रवेशात प्राधान्य आणि उरलेल्या जागा इतरांना. शिवाय अभ्यासक्रम राज्य मंडळाचा, म्हणून अन्य मंडळांच्या मुलांची अडचण वेगळीच. १० ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. कायद्याचे बारकावे बाजूला ठेवले तरी एक धडा उरतो. ज्या पर्यायाचा त्याग करणाऱ्याला रांगेत मागे उभे केले जाते, तो पर्याय नसतो. ती शिष्टाचाराने केलेली सक्ती असते. बोस्टन काय किंवा मुंबई काय, ऐच्छिकतेची खरी कसोटी नकार देणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते हीच आहे.

मधला मार्ग आहे

या कसोटीला उतरणारे एक उदाहरण चेन्नईतच आहे. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. तो आज डेटा सायन्समधील बीएस पदवी म्हणून ओळखला जातो. जो जेईई ॲडव्हान्स्डसाठी पात्र ठरला आहे, तो त्या आधारावर थेट प्रवेश घेऊ शकतो. ज्याने जेईई दिलीच नाही, त्याने चार आठवडे अभ्यासक्रमाचा पहिला भाग शिकावा, गृहपाठ करावा आणि शेवटी त्याच भागावरची पात्रता परीक्षा द्यावी. उत्तीर्ण झाला की तोही आत. जागांची कृत्रिम मर्यादा नाही. येथे गुण न दाखवण्याची किंमत चार आठवड्यांचे शिक्षण एवढीच आहे, आणि ती किंमत नव्हेच, तो लाभ आहे.

सिरुसेरी येथील चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे उदाहरणही असेच. तिची स्वतःची कठीण प्रवेश परीक्षा आहे, पण राष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये चमकलेल्या विद्यार्थ्याला तिच्यातून सूट मिळू शकते. पुरावा हवा, पण तो एकाच छापाचा असावा असा हट्ट नाही.

वैद्यकीय शिक्षणात हे जसेच्या तसे करता येणार नाही, कारण तेथे जागा मोजक्या आहेत आणि रुग्णालयाला ऑनलाइन पर्याय नाही. तरीही चार गोष्टी करण्यासारख्या आहेत.

एक, गुण कळवण्याचा किंवा झाकण्याचा भार सतरा वर्षांच्या मुलावर टाकू नये. सर्वांकडून गुण घ्यावेत आणि त्यांचे वाचन कसे होणार, हे संस्थेने आधी जाहीर करावे.

दोन, एकच आकडा शंभर टक्के वजनाचा नसावा. बारावी आणि प्रवेश परीक्षा यांचे मिश्रण, मंडळांमधील तफावत दूर करून, वापरता येते. जेईई मेनच्या क्रमवारीत २०१३ ते २०१६ या काळात बारावीला ४० टक्के वजन होते. पद्धतीत त्रुटी होत्या. त्या दुरुस्त करण्याऐवजी पद्धतच टाकून दिली गेली.

तीन, राज्याच्या पैशाने चालणाऱ्या महाविद्यालयांतील राज्याच्या वाट्याच्या जागा कशा भरायच्या, हे राज्याला ठरवू द्यावे. ज्या राज्याला नीट हवी त्याने ती ठेवावी. ज्याला नको त्याने आपली पद्धत न्याय्य असल्याचा पुरावा दरवर्षी द्यावा. खासगी महाविद्यालयांना मात्र ही मोकळीक असू नये. तेथील इतिहास तिला अनुकूल नाही.

चार, आणि हे सर्वांत स्वस्त आहे: प्रत्येक राज्याने प्रवेशितांची माहिती माध्यम, शाळेचा प्रकार, ग्रामीण-शहरी आणि कितवा प्रयत्न अशा विभागणीसह दरवर्षी प्रसिद्ध करावी. राजन समितीने ती गोळा केली म्हणून तमिळनाडूत वाद निदान आकड्यांवर होतो. महाराष्ट्रात मराठी माध्यमातून शिकलेली किती मुले दरवर्षी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत पोहोचतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून किती आणि त्यांपैकी पहिल्याच प्रयत्नात किती, हे राज्याने याच तपशिलाने दरवर्षी सांगितले पाहिजे. त्यासाठी राष्ट्रपतींची संमती लागत नाही. अध्यादेशही लागत नाही. प्रवेश अर्जातील रकान्यांची बेरीज पुरेशी आहे.

परीक्षेचे गुण हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्षीदाराला न्यायालयाबाहेर हाकलणे जसे चुकीचे, तसेच त्याच्या एका वाक्यावर निकाल देणेही चुकीचे. त्याची उलटतपासणी व्हावी लागते. ती करण्याची जबाबदारी प्रवेश देणाऱ्यांची आहे, प्रवेश मागणाऱ्यांची नाही.